विषाच्या डब्यातली साखर

आमच्या घरातलं मांजर एकदा माणसासारखं बोललं. तीनच शब्द, पण स्वच्छ मराठीत, आणि त्यानंतर तासाभरात माझं लग्न ठरलं. हे कोणी खरं मानणार नाही. मानू नये असंच माझंही मत आहे. बार्शीपासून पुण्यापर्यंत किमान दोनशे माणसांना मी ही हकिगत सांगितली असेल. त्यातल्या एकानंही ती खरी मानली नाही आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट कोणी मानली असती तर मी काळजीत पडलो असतो.

परवा ती पुन्हा सांगायची वेळ आली. नातसून केतकी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नावं चिकटवत होती. तिच्याकडं एक छोटं यंत्र आहे. अक्षरं दाबली की चिकटणारी पट्टी बाहेर येते. तूरडाळ, रवा, पोहे असं करत ती साखरेच्या डब्यापाशी आली आणि थांबली. तो डबा पत्र्याचा, माझ्या लग्नाहून जुना. त्याच्यावर लाल तेलरंगात ठसठशीत लिहिलेलं आहे: विष.

"आजोबा, ह्याच्यावर 'साखर' अशी पट्टी लावू, की हा डबाच टाकून देऊ?"

समोर आमची ही, म्हणजे शरयू, वाटाणे सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण हातातली शेंग तशीच राहिली. मी केतकीला म्हटलं, बस. आधी ऐक, मग काय लावायचं ते लाव.

छप्पन वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी सकाळी मी बार्शीच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलो होतो आणि माझ्यासमोर सतरा डबे होते. सतराच्या सतरांत पांढरं काहीतरी होतं.

आम्ही रंगारी. घराच्या मागं नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लुगडी रंगवायचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन भट्ट्या, चार हंडे आणि वर पत्रा. आदल्या वैशाखात वावटळ आली आणि पत्रा उडाला. तो थेट कुर्डुवाडीला जाऊन पडला असं मी पूर्वी सांगत असे. आता वय झालं, खोटं बोलवत नाही. शेंद्रीच्या अलीकडंच सापडला. तर पत्रा गेल्यावर भिजून खराब होईल असा सगळा माल स्वयंपाकघरातल्या फळीवर आला. तिथं घरातलं सामान आधीच होतं. रंगाऱ्याच्या घरात पांढरं काय काय असतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. मीठ तर दोन्हीकडं लागतं, आमटीलाही आणि कपड्यावर रंग धरायलाही. त्याशिवाय खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटीची पूड, पापडखार, टाकणखार, खळीसाठी साबुदाण्याची पिठी, झालंच तर रांगोळी. आणि एक ऑक्झॅलिक. ही पूड लुगड्यावरचे गंजाचे डाग काढते. डाग असा जातो की तो होता हे लुगड्यालाही आठवत नाही. पण चमचाभर पोटात गेली तर माणूसही तसाच जातो. दिसायला हुबेहूब साखर. तसाच बारीक खडा, तशीच चमक.

डबे सगळे एकसारखे, हलवायाकडून आणलेले वनस्पती तुपाचे. त्यांच्यावर नावं रंगवून घ्यायची हौस नानांची. एका पेंटरनं फेटा रंगवून नेला होता, त्यानं त्या बदल्यात ती रंगवून दिली. नावं आली खरी, पण डबे भरणारी आमची भागूआत्या. तिला अक्षर येत नव्हतं. ज्या डब्यात जे मावलं ते तिनं भरलं आणि जागेवरून ओळखायला लागली. 'बेसन' लिहिलेल्या डब्यात धुण्याचा सोडा होता, 'रवा' लिहिलेल्यात तुरटी.

एकाच डब्याचं नाव तिनं मला विचारून घेतलं होतं. म्हणाली, दिगू, ह्यातला विषाचा कुठला? मी दाखवला. त्यात तिनं साखर भरली. तेव्हा साखर रेशनवर मिळायची, तीही मिळाली तर, आणि कारखान्यातले कारागीर पाणी प्यायला म्हणून आत येऊन साखरेची फक्की मारून जायचे. विषाच्या डब्याला कोण हात लावणार? पुढं ऑक्झॅलिक आत आलं, तेव्हा 'साखर' लिहिलेला डबाच रिकामा होता, म्हणून ते त्यात गेलं. त्यात डागाची पूड असते हे कारागिरांना माहीत होतं, ती त्यांच्या रोजच्या वापरातली. असे जवळजवळ वर्षभर आम्ही सुखानं राहिलो. एकही माणूस दगावला नाही, कारण त्या घरात डबा कोणी वाचत नव्हतं.

भागूआत्या ही नानांची थोरली बहीण. माझी आई मी चालायला लागायच्या आधी गेली, मला आत्यानंच वाढवलं. ती बोलकी होती म्हणजे किती, तर चपाती फुगली नाही तर तव्याला जाब विचारायची. पण मी सांगतोय त्या शुक्रवारी तिनं तोंडातून शब्द काढून अकरा महिने झाले होते.

त्याला कारण मी. मला तोवर आठ मुलींनी नाकारलं होतं. निरोप प्रत्येक ठिकाणचा एकच: घर चांगलं, मुलगा कामाचा, पण बोलतो फार, आणि त्यातलं खरं किती हे कळत नाही. आठवा नकार आला त्या दिवशी आत्या आमच्या कुलदेवीपुढं, हिंगुळांबिकेपुढं उभी राहिली आणि बोलून गेली की दिगूचं लग्न ठरेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघणार नाही, आणि निघाला तर ठरत आलेलंही मोडू दे. घरात एक जण जास्त बोलतो, तर दुसऱ्यानं गप्प राहून देवीपुढं समतोल साधावा, असा काही तिचा विचार असावा. शिवाय शुक्रवारी निर्जळी उपास. म्हणजे त्या दिवशी तिच्या तोंडातून शब्द बाहेर येत नव्हता आणि तोंडात कण आत जात नव्हता.

नववं स्थळ सोलापूरच्या पतंग्यांचं. तेही रंगारी. त्यांचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की मुलगीही बरोबर येते आहे. मुलगा आम्ही पाहू, तिला स्वयंपाकघर पाहायचं आहे. नानांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि घराला चुना काढायला घेतला.

ती मुलगी म्हणजे हीच, जी आत्ता वाटाणे सोलते आहे.

मला धसका बसला तो डब्यांचा. मुलगी शिकलेली, डबे वाचणार. 'विष' लिहिलेल्या डब्यातून आपण साखर काढतो हे तिनं पाहिलं तर नववा नकार दारातच मिळेल. म्हणून पाहुणे यायच्या दिवशी सकाळी, आत्या देवीला गेली असताना, मी ठरवलं की निदान हे दोन डबे तरी सरळ करायचे. साखर साखरेत, विष विषात. दोन वर्तमानपत्रं पसरली. एकावर साखर ओतली, एकावर ऑक्झॅलिक. खूण पक्की ठेवली: साखर डावीकडं. मग दोन्ही डबे परसात नेऊन घासले, उन्हात वाळवले, आणून भरले आणि ठेवले जागेवर. काम चोख झालं. नानांनी हाक मारली की एसटी यायची वेळ झाली, तसा मी टोपी घालून स्टँडवर गेलो.

पतंगे उतरले, मागून मुलगी उतरली. जांभळी साडी, रंग पक्का. नखांच्या कडांना निळसर छटा, म्हणजे घरच्या हंड्यात हात घालणारी. मी त्यांची पिशवी घेतली, चार पावलं चाललो आणि मला आठवलं की डबे धुवायला मी गेलो पुढच्या दारानं, बोळातून वळसा घालून परसात. आणि परत आलो तो परसातून, मागच्या दारानं.

समोरून येणाऱ्याचं डावं ते मागून येणाऱ्याचं उजवं.

स्टँडपासून आमचं घर दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत मी मनातल्या मनात त्या स्वयंपाकघरात चाळीस वेळा शिरलो, वीस वेळा पुढून, वीस वेळा मागून. कधी साखर डावीकडं यायची, कधी उजवीकडं. भरताना मी डावं धरलं ते कुठल्या दारातलं, हे मला काही केल्या आठवेना. पतंगे हवापाण्याचं विचारत होते, मी हूं हूं करत होतो. घरी पोचल्यावर ते नानांना म्हणाले, "आम्ही तर ऐकलं होतं, मुलगा फार बोलतो."

"लोक काहीही सांगतात," नाना म्हणाले.

नाना जन्मात खोटं बोलले नव्हते. हेही खोटं नव्हतं. लोक सांगतातच.

पाहुणे बैठकीत टेकले आणि मी आत पळालो. आत्यानं दुधाचा चहा उकळत ठेवला होता. चुलीपाशी दोन कप मांडलेले, फक्त पाहुण्यांचे, कारण साखर फक्त पाहुण्यांना. आमच्याकडं साखर आधी कपात मोजून घालत आणि वरून चहा ओतत, म्हणजे दाणाभरही जास्त जात नसे. आत्याचा हात सवयीनं विषाच्या डब्याकडं गेला होता. मी म्हटलं थांब, आणि तिच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. डबे, वर्तमानपत्रं, पुढचं दार, मागचं दार.

तिनं माझ्याकडं पाहिलं. अकरा महिन्यांत ती नुसत्या डोळ्यांनी बरंच काही बोलायला शिकली होती. तेव्हा ती जे बोलली ते मी इथं सांगत नाही.

चहाच द्यायचा नाही असं करता येत नव्हतं. बैठकीतून नानांचा आवाज येत होता, घ्या की, साखरेचा आहे. शेजारी साखर मागावी तर त्या दिवसांत शेजारणीची पाटली मागणं सोपं. मुंग्यांना विचारावं म्हणून मी दोन्ही डब्यांतली चिमूट चिमूट फरशीवर टाकली. पण घराला चुना लागला होता आणि मुंग्या दोन दिवसांपूर्वीच बिऱ्हाड हलवून शेजारी गेल्या होत्या. आत्यानं माझा दंड धरला, माझ्या तोंडाकडं बोट केलं आणि स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली. म्हणजे, चाखून बघ.

आता माझ्या जिभेबद्दल सांगायला हवं. त्या काळी बार्शीत माझ्या जिभेला मान होता. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा डोळे मिटून सांगायचो. पापडखार कुठल्या दुकानातला हे सांगायचो. एकदा तर नुसत्या आमटीवरून मीठ कुठल्या मिठागरातलं आणि ते बैलगाडीनं आलं की रेल्वेनं हे मी सांगितलं होतं, आणि मालकानं पावती काढून दाखवली होती. तर मी 'साखर' लिहिलेला डबा उघडला, बोटाच्या टोकाला लागेल एवढी कणी घेतली, देवीचं नाव घेतलं आणि जिभेच्या शेंड्यावर ठेवली. आंबट. इतकं आंबट की माझे कान हलले. परसात जाऊन सात चुळा भरल्या. त्यातल्या तीन चुळांनी न्हाणीच्या दगडावरचा गंज निघाला, तो दगड त्या घरात अजून स्वच्छ आहे.

म्हणजे डबे सरळ करायच्या नादात मी ते जसेच्या तसे भरून ठेवले होते. साखर विषातच होती. मी आत्याला विषाचा डबा दाखवला आणि मान हलवली. तिनं कपांत साखर घातली, वर चहा ओतला. मी तबक उचललं आणि बाहेर नेलं. आत्या देवघरात जाऊन बसली.

इथं मांजराबद्दल सांगायला हवं. आमचं मांजर मूळचं पांढरं. लहानपणी ते हिरव्या रंगाच्या हंड्यात पडलं. नानांचा रंग म्हणजे पक्का. ते मांजर पुढं तीन वेळा केस गळून नवे केस आले तरी हिरवंच राहिलं. म्हणून त्याचं नाव आम्ही पोपट ठेवलं. त्या नावाचा त्याच्या मनावर काही परिणाम झाला असेल तर मला माहीत नाही, पण त्या दिवशी काय झालं ते असं. पोपट आतल्या दाराजवळच्या खिडकीत बसलं होतं. मी पतंग्यांना कप दिला, मुलीला कप दिला. मुलीनं कप उचलला, ओठापाशी नेला, आणि माझ्या मागून आवाज आला:

"पोरी, पिऊ नको."

आवाज घोगरा, बऱ्याच दिवसांत न वापरलेला. पण उच्चार स्पष्ट. बैठकीत कोणी हललं नाही. पतंग्यांचा कप हवेत राहिला.

"कोण बोललं?" पतंगे म्हणाले.

नाना भिंतीकडं बघत होते. चुना ताजा होता. तो कुठं कुठं कमी लागलाय हे त्यांनी नीट पाहून घेतलं.

"मांजर," नाना म्हणाले.

"मांजर?"

"मांजर आहे."

मी म्हटलं, "पोपट नाव त्याचं."

पतंगे खिडकीकडं बघायला लागले. तोवर ते मांजर अर्थातच निघून गेलं होतं, बोलून झाल्यावर कोण थांबतं. मुलीनं मात्र मान वळवली नाही. ती कपात बघत होती. कप तिनं जरा तिरका केला, उजेडाकडं धरला, पुन्हा सरळ केला. मग एक घोट घेतला. मग दुसरा.

"बाबा, मांजरच आहे," ती म्हणाली. "चहा चांगला झालाय. प्या."

आणि सगळा चहा प्यायली.

इथं केतकीनं मला थांबवलं. यंत्र तिनं केव्हाच बाजूला ठेवलं होतं.

"आजोबा, तुम्ही चाखून बघितलं होतं ना? साखर कुठली ते कळलं होतं. मग मांजर कशाला ओरडलं?"

"मी चाखलंय हे त्याला कुठं माहीत होतं? ते खिडकीत होतं."

केतकीनं शरयूकडं पाहिलं. शरयूनं दोन शेंगा सोलल्या. मी पुढं सांगायला लागलो.

चहा झाल्यावर मुलगी स्वयंपाकघर पाहायला आत आली. मी बरोबर होतो. तिनं फळीवरून नजर फिरवली, सगळी नावं वाचली, एक चकार शब्द काढला नाही. मग 'साखर' लिहिलेला डबा खाली घेतला, झाकण काढलं, चिमूटभर घेऊन बोटांत चोळली. मला म्हणाली, थोडं दूध आहे का? मी पातेल्यात उरलेलं दूध वाटीत दिलं. तिनं ती चिमूट वाटीत टाकली. बघता बघता दूध फाटलं, पाणी वेगळं आणि चोथा वेगळा.

"हे चहात असतं तर आधी चहानंच सांगितलं असतं," ती म्हणाली. "घाबरायचं काय त्यात?"

रंगाऱ्याची मुलगी. तिला हे माहीत होतं, मला नव्हतं. कप तिरका करून ती चहा फाटलाय का तेच बघत होती. एका मांजराचं बोलणं तिनं एवढं मनावर का घेतलं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मग तिनं पदर खोचला आणि ऑक्झॅलिकचा डबा स्वतः उचलून परसातल्या खोलीत नेऊन ठेवला. त्याच्यामागं तुरटी, धुण्याचा सोडा, टाकणखार. सात फेऱ्या केल्या. अजून होकार नाही, नकार नाही, आणि मुलगी घर लावत होती. शेवटची फेरी झाल्यावर म्हणाली, "डब्यावर काय लिहिलंय ते राहू दे. पोटात जाणारं आणि हंड्यात जाणारं एका फळीवर ठेवू नका, म्हणजे झालं." विषाच्या डब्याला तिनं हात लावला नाही. तो जिथं होता तिथं राहिला आणि पुढं तिच्या संसारात आला.

बाहेर पतंगे नानांना म्हणत होते की मुलगा शांत आहे, आम्हाला पसंत आहे, मुलीला विचारतो. मुलगी दारातून म्हणाली की विचारायला नको. नानांनी साखर आणायला सांगितलं, विषाचा डबा बैठकीत आला, आणि पतंग्यांच्या हातावर त्यातली साखर पडली. ती खाण्याआधी त्यांनी डब्यावरचं नाव वाचलं, मुलीकडं पाहिलं, मुलीनं मान हलवली आणि त्यांनी ती खाल्ली. एवढा विश्वास मी नंतर कुठल्या बापाचा पाहिला नाही.

"आणि मग," मी केतकीला म्हटलं, "भागूआत्या देवघरातून बाहेर आली. लग्न ठरलं होतं, नवस पुरा झाला होता. अकरा महिन्यांनी तिनं तोंड उघडलं. सगळे कान देऊन होतो. तिनं मुलीच्या हातावर साखर ठेवली आणि तिचे पहिले शब्द निघाले: तोंड गोड कर, सूनबाई."

"खोटं," शरयू म्हणाली.

तिनं वाटाण्याची परात मांडीवरून खाली ठेवली. छप्पन वर्षं ही गोष्ट तिच्यासमोर सांगतोय, ती कधी मध्ये बोलली नव्हती. कोणी तिला विचारलं, खरंच का हो, तर म्हणायची, ह्यांना विचारा.

"कुठलं खोटं?" मी म्हटलं. "दगडाचं जरा..."

"दगडाचं राहू द्या. तुम्ही काही चाखलं नव्हतं. आत्याबाईंनी चाखून बघ म्हणून खुणेनं सांगितलं, तेव्हा तुम्ही घाबरलात आणि त्यांचा हात ज्या डब्यावर होता त्याच्याकडंच बोट दाखवलंत. त्यांनी मला नंतर सगळं सांगितलं. चहा ओतला त्यांनी, पण तुमचं बोलणं त्यांना ठाऊक होतं. त्या देवघरात नव्हत्या. आतल्या दारात उभ्या होत्या, चौकट धरून. मी कप उचलला तेव्हा माझ्या डोळ्यांना त्यांचे डोळे दिसत होते."

"शरयू," मी म्हटलं.

"मांजर आपल्या घरात कधी नव्हतंच, केतकी. आत्याबाईंना मांजराच्या केसांनी दम लागायचा. पोपट हे नाव ह्यांनी त्या क्षणी काढलं. आणि मामंजी जन्मात एकदाच खोटं बोलले, ते तेव्हा. बहिणीचा नवस राहावा म्हणून. मी 'मांजरच आहे' म्हटलं, तेही त्याचसाठी."

केतकी विषाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"त्या जाईपर्यंत दर शुक्रवारी देवीपुढं बसून क्षमा मागायच्या. तुमचं माझं मोठ्यानं बोलणं झालं की त्यांचा चेहरा पांढरा व्हायचा. त्यांना वाटायचं, आता मोडतंय, माझ्या त्या तीन शब्दांनी मोडतंय. म्हणून तुम्ही मांजर सांगत राहिलात आणि मी गप्प राहिले. आता त्यांना जाऊन तीस वर्षं झाली, आपल्याला छप्पन झाली. मोडलं का काही?"

मी परातीतला एक वाटाणा उचलून बोटांत फिरवला.

"अकरा महिने तोंड मिटून बसलेली बाई पहिल्यांदा बोलली ती माझ्यासाठी. तेव्हा मी त्यांची कोणीही नव्हते, सोलापूरची एक परकी पोर होते. आता तरी ते शब्द त्यांचे त्यांना द्या, अहो. मांजराच्या नावावर किती दिवस ठेवाल?"